झारसुगुड्याची यादी

लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर यादी सुरू केली,
कारण घरातले बाकी सगळे कागद
एकाएकी कामाचे झाले आहेत.

पहिला कूलर.
वाडीहून ट्रान्सपोर्टवाला आला, टेपनं मापला,
म्हणाला, हा एकटाच पाव ट्रक खाते जी,
तिकडं नवीन घेऊन घ्या.
मी विचारलं, तिकडं ऊन कसं असते?
असंच. फक्त कोळशाची धूळ मिसळलेलं.
मग कूलर येईल, मी म्हटलं,
आणि वाळ्याच्या ताट्या स्वतः उतरवल्या.
गेल्या मे महिन्याचा वास होता त्यांना.

गॅसचं सोपं आहे, सगळे सांगून राहिले.
सिलेंडर द्यायचा, रेग्युलेटर द्यायचा, पावती घ्यायची.
सोपंच आहे.
त्यानंतर शेगडी ओट्यावर
पाहुणी आल्यासारखी बसून होती दोन दिवस.
कुंभारेकाकूंकडून भाजी आली,
तर्री एवढी की रेणूच्या डोळ्यांत पाणी.
माझ्याही. मीपण तर्रीचंच नाव सांगितलं.

मोटरसायकल, एमएच एकोणपन्नास.
तिला ना हरकत पत्र पाहिजे.
कर्ज फिटल्याचं बँकेचं वेगळं,
कुठल्या गुन्ह्यात नसल्याचं पोलिसांचं वेगळं.
एवढी चौकशी खुशालची
लग्नाच्या वेळी माझ्या बाबांनी केली नव्हती.
वर्षाच्या आत नंबर बदलावा लागतो म्हणे.
म्हणजे अकरा महिने तरी
एखाद्या सिग्नलवर कुणी मागून विचारेल,
काय भाऊ, नागपूरचे काय?

रेणू मोबाइलवर पाहून ओडिया गिरवते.
तिथली अक्षरं डोक्यावर छत्री घेऊन उभी असतात,
ती म्हणते, आपली सगळी एका दोरीवर वाळत घातलेली.
तिच्या दाखल्यावर जन्मगाव नागपूर,
मातृभाषा मराठी, वर्तणूक चांगली.
हे तिन्ही तिथं कोण तपासणार?

मग तहसील.
जातीचा दाखला दोन्ही हातांनी धरून
खिडकीत विचारलं, हा तिकडं चालेल ना जी?
बाबूनं चष्मा कपाळावर सरकवला.
इथली जात इथंच चालते बाई,
हद्द ओलांडली की यादी बदलते.
मागची रांग मला ढकलत होती, तरी मी उभीच.
एका हद्दीनं जात सुटत असती
तर माझा आजा गोळीबार चौकातून
पायीच निघाला असता,
माग खांद्यावर घेऊन.
सुटते ती फक्त फीची माफी.
आडनाव ऐकून खोली नाकारणारे तिथंही असतील,
त्यांना यादी लागत नाही.

मतदार यादीचं मात्र हसू आलं.
आमची नावं हलवायची तर अर्ज, फोटो, नवा पत्ता,
आणि नवा पत्ता नवी खोली मिळाल्याशिवाय नाही.
सासऱ्यांचं नाव आपोआप शाबूत आहे,
वारले त्याला चार वर्षं झाली.
मागच्या वेळीही चिठ्ठी आली त्यांची, खोली क्रमांक तीन.
घरात पक्के नागपूरकर आता तेवढेच.

काही गोष्टी यादीत लिहिल्या नाहीत.
दूधवाल्याचे एकशे चाळीस.
बोअरचं पाणी सकाळी कितीला चढतं
हे अंगाला कळलेलं असणं.
संत्रं सोलता सोलता साल
पाहून न पाहिल्यासारखी गच्चीवरून फेकणं.
खुशालला विचारलं, तुझं काही राहिलं काय?
तो म्हणाला, काहून, सगळं तर लिहिलंस.
महिनाभर तो हेच बोलून राहिला,
पगार सात हजारांनी जास्त, क्वार्टर मिळेल,
आणि झोपेत पाय हलवतो.

आज ट्रक यायच्या आधी
पत्रिका घडी करायला घेतली.
खाली, वधूपित्याच्या नावाच्या उलट्या छापावर,
त्याच्या अक्षरात एक ओळ होती, पेन्सिलीनं:

पंपाची किल्ली कुंभारेकाकूंजवळ.
आलो तर शोधाशोध नको.